केकमधलं पाणी: डार्क चॉकलेट आणि बेरीचा थरांचा केक घरच्या घरी

आजच्या भागात जे बोललो ते सगळं इथे लिहून ठेवतोय. एका हातात फोन, दुसऱ्या हातात उलथनं आणि कानात माझा आवाज, अशा अवस्थेत मापं लक्षात राहत नाहीत, हे मला माहीत आहे. त्यामुळे ऐकताना सुटलेलं इथे वाचा, आणि करायला घ्याल तेव्हा हे पान उघडं ठेवा.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात दिसायला लागली की तुमचे मेसेज सुरू होतात. त्यातले चार प्रकारचे मेसेज मी जवळजवळ पाठ केलेत. पहिला: "केकचा वरचा थर घसरला." दुसरा: "रात्री छान होता, सकाळी मधला भाग गिच्च झाला." तिसरा: "चॉकलेट वितळवताना त्याचा गोळा झाला, फेकून द्यावं लागलं." चौथा: "क्रीम फेटून फेटून हात दुखले, पण ते उभंच राहिलं नाही."

प्रत्येकाला वाटतं की आपली रेसिपी चुकली. मग ते दुसरी रेसिपी शोधतात, तिसरी शोधतात. चांगलं डार्क चॉकलेट काही स्वस्त नाही. तीनशे ग्रॅम चॉकलेट वाया गेलं की जीव तुटतो, आणि बरेच जण तिथेच हा नाद सोडून देतात. म्हणून हा भाग.

माझं म्हणणं असं की या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे: पाणी. बेरीतून सुटणारं पाणी, चॉकलेटमध्ये चुकून पडलेलं पाणी, क्रीममध्ये जास्त असलेलं पाणी. या केकमध्ये पाणी कुठे हवं आणि कुठे नको, एवढा हिशोब डोक्यात बसला की केक जमतो. नुसती मापं पाठ करून तो दर वेळी जमेलच असं नाही.

आणि हा हिशोब तुम्हाला आधीपासून येतो. आपण काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी जेवायला बसताना घालतो. का? आधी घातलं तर पाणी सुटतं. श्रीखंडासाठी दही टांगून ठेवतो. का? पाणी गेल्याशिवाय चक्का होत नाही. तेच ज्ञान आज केकवर वापरायचं आहे.

आधी बेरी कुठली घ्यायची ते बघू

आपल्याकडे बेरी म्हटलं की पहिली स्ट्रॉबेरी. महाबळेश्वर, पाचगणी, वाई हा तिचा पट्टा. पुस्तकांचं गाव म्हणून प्रसिद्ध असलेलं भिलारही याच पट्ट्यातलं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हंगाम साधारण नोव्हेंबरअखेरीपासून एप्रिलपर्यंत. केकसाठी मोठी, टपोरी फळं शोधत बसू नका. आत शिजवायला छोटी, पूर्ण लाल, वास येणारी फळं घ्या. देठाजवळ पांढरी असलेली स्ट्रॉबेरी तोडल्यावर लाल होईल, पण गोड होत नाही.

हंगामात तिथेच तुतीही मिळते. काळी, पिकलेली तुती डार्क चॉकलेटबरोबर फार सुंदर लागते. स्ट्रॉबेरीत मूठभर तुती मिसळली तर रंग गडद होतो आणि चवीला खोली येते. एक सूचना: गाडीवर 'रसभरी' म्हणून जे पिवळं, कागदी टरफलातलं फळ मिळतं ते रास्पबेरी नव्हे. ते वेगळं फळ आहे. चवीला छान असतं, पण या केकसाठी वेगळ्या बेतानं वापरावं लागेल.

मे महिन्यात स्ट्रॉबेरी संपली असेल तर करवंदं! हसू नका. बेकरीतल्या पेस्ट्रीवर जी लालभडक 'चेरी' असते ना, ती बऱ्याचदा पाकात मुरवून रंगवलेलं करवंदच असते. म्हणजे करवंद केकवर आधीपासूनच बसलेलं आहे, फक्त दुसऱ्याच्या नावानं. आणि गंमत बघा, वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येत करवंद ही खरी बेरी आहे आणि स्ट्रॉबेरी नाही. पिकलेली करवंदं थोड्या पाण्यात शिजवून, गाळणीतून घोटून बिया आणि सालं काढा, आणि तो गर वापरा.

फ्रोझन बेरी चालेल का? आत शिजवायला नक्की चालेल. फळ गोठतं तेव्हा आतल्या पाण्याचे बर्फाचे खडे होतात आणि फळाच्या पेशी फाटतात, म्हणून बाहेर काढल्यावर ते लगेच पाणी सोडतं. शिजवताना आपल्याला तेच हवं असतं. पण फ्रोझन बेरी केकवर सजावटीला ठेवू नका. तासाभरात लाल ओघळ येतात.

चॉकलेटचं पाकीट उलटं करून वाचा

पाकिटाच्या समोर काय लिहिलंय ते सोडा, मागची यादी वाचा. यादीत 'कोको बटर' असेल तर ते चॉकलेट. त्याजागी पाम किंवा दुसरं हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट असेल तर ते कंपाउंड. दोन्ही काळी, दोन्ही गोड, पण तोंडात फरक कळतो. कोको बटर साधारण ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि आपल्या शरीराचं तापमान ३७. म्हणून चॉकलेट जिभेवर विरघळतं. कंपाउंडचा बऱ्याचदा टाळूला मेणासारखा थर चिकटतो.

कंपाउंड वापरणं हा गुन्हा नाही. ते स्वस्त आहे, उन्हाळ्यात टिकतं, आणि शिकताना हात बसवायला बरं पडतं. पण तुमच्यापैकी जे ऑर्डरी घेतात त्यांना माझं एक सांगणं आहे: कंपाउंड वापरलं असेल तर 'डार्क चॉकलेट केक' म्हणून विकू नका. ग्राहकाला फरक माहीत नसेल, पण आपल्याला माहीत असतो.

या केकसाठी ५० ते ६० टक्के कोको असलेलं चॉकलेट घ्या. ७० टक्क्यांच्या वरचं चवीला भारी, पण क्रीमबरोबर जमवताना लवकर फाटतं. पहिल्यांदा करत असाल तर त्या वाटेला जाऊ नका.

सामान (७ इंचाचे दोन टिन, अंड्याशिवाय)

केकसाठी:
मैदा २२० ग्रॅम
पिठीसाखर २२० ग्रॅम
कोको पावडर ५५ ग्रॅम
खायचा सोडा सव्वा छोटा चमचा
बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा
मीठ अर्धा छोटा चमचा
साधं दही २०० ग्रॅम
वास नसलेलं तेल १०० मिली
गरम काळी कॉफी २०० मिली

बेरीच्या थरासाठी:
स्ट्रॉबेरी ५०० ग्रॅम
साखर १०० ग्रॅम
लिंबाचा रस १ मोठा चमचा

गनाशसाठी, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या लेपासाठी:
डार्क चॉकलेट ३०० ग्रॅम
फ्रेश क्रीम २५० मिली
लोणी २० ग्रॅम

वर लावायला मूठभर ताजी फळं वेगळी ठेवा. आणि एक विनंती: वजनकाटा घ्या. कपाने मोजलेला मैदा दर वेळी वेगळा भरतो.

केक: इथे पाणी हवं

सुरुवात कोकोपासून. कोको पावडर मोठ्या वाडग्यात घ्या, त्यावर कडकडीत गरम कॉफी ओता, गुठळ्या मोडेपर्यंत हलवा आणि दहा मिनिटं बाजूला ठेवा. रवा भिजला की फुलतो, तसंच हे. कोरड्या कोकोचा वास डब्यात कोंडलेला असतो, गरम पाणी मिळालं की तो सुटतो. कॉफी का? केक कॉफीच्या चवीचा होत नाही, चॉकलेटची कडसर चव फक्त ठळक होते. कॉफी नको असेल तर साधं गरम पाणी घ्या.

कोको कोमट झाला की त्यात दही, तेल, साखर आणि मीठ घालून एकजीव करा. दुसरीकडे मैदा, सोडा, बेकिंग पावडर एकत्र चाळून घ्या. ओव्हन १७० अंश सेल्सिअसला तापत ठेवा, टिनला तेल लावून तळाला बटर पेपर घाला. हे सगळं तयार झाल्यावरच कोरडं आणि ओलं एकत्र करा.

हा क्रम का सांगतोय? ढोकळ्याच्या पिठात फ्रूट सॉल्ट घातल्यावर आपण गप्पा मारत बसतो का? नाही. लगेच भांडं वाफेवर ठेवतो. इथे तोच प्रकार आहे. दह्यातलं आम्ल आणि सोडा भेटले की बुडबुडे सुटायला लागतात. ते बुडबुडे टिनमध्ये अडकले पाहिजेत, वाडग्यात संपून उपयोग नाही.

मिसळताना पोळीची कणीक डोक्यातून काढून टाका. कणीक जितकी मळाल तितकी चिवट होते, आणि पोळीला तेच हवं असतं. केकला ते नको. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. दोन-चार बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील.

मिश्रण दोन टिनमध्ये सारखं वाटा. वजनकाट्यावर करा, थर समान होतात. १७० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. मधोमध टूथपिक घालून बघा, ती जवळजवळ कोरडी आली पाहिजे. एखादा ओलसर कण चिकटला तर हरकत नाही.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची जुनी कढई घ्या, आत स्टँड ठेवा, झाकण लावून मंद आचेवर दहा मिनिटं तापवा आणि मग टिन ठेवा. ४० ते ४५ मिनिटं लागतील. पण कढईत एका वेळी एकच टिन मावतो, आणि दुसरं मिश्रण वाट बघत बसलं तर फुगणार नाही. म्हणून कढईवाल्यांनी अर्ध्या मापाचं मिश्रण दोनदा करायचं. थोडा कंटाळा येतो, पण इलाज नाही.

केक टिनमध्ये दहा मिनिटं, मग जाळीवर. पूर्ण गार झाला की झाकणाच्या डब्यात ठेवा आणि रात्रभर विसरून जा. गरम असताना डब्यात घातला तर झाकणाला वाफ धरून पाणी वरून ठिबकतं. रात्रभर ठेवला की केक मुरतो: ओलावा सगळीकडे सारखा पसरतो आणि दुसऱ्या दिवशी कापताना चुरा कमी पडतो.

साखरेच्या पाण्याने केक भिजवायचा का, असं बरेच जण विचारतात. हा केक नाही भिजवायचा. कोरड्या स्पंजला त्याची गरज असते. हा तेलाचा आणि दह्याचा केक आहे. तेल थंडीतही घट्ट होत नाही, म्हणून फ्रिजमधून काढल्यावरही तो मऊ लागतो. याला वरून पाणी पाजलं तर थर बसून जातात.

बेरी: इथलं पाणी काढायचं

आता खरी गोष्ट. स्ट्रॉबेरीच्या वजनातले साधारण ९१ टक्के पाणी असतं. म्हणजे अर्धा किलो फळं घेतलीत तर साडेचारशे ग्रॅमच्या वर नुसतं पाणी घरी आणलंत. ताज्या फळांच्या चकत्या क्रीमवर पसरायच्या, वरून साखर भुरभुरायची, आणि वर दुसरा थर ठेवायचा, असं बऱ्याच व्हिडिओंत दिसतं. व्हिडिओ तिथे संपतो. तुमचा केक पुढे बारा तास जगायचा असतो. साखरेने फळातलं पाणी बाहेर ओढलं जातं, अगदी काकडीतून मीठ ओढतं तसं. ते पाणी खालच्या थरात उतरतं आणि वरचा थर त्यावरून घसरतो. पहिल्या दोन मेसेजचं उत्तर एवढंच.

मग आपण उलटं करायचं. पाणी सुटणारच आहे ना? मग ते केकमध्ये जाण्याआधी पातेल्यात सोडवून घेऊ.

फळं देठासकट धुवा आणि मगच देठ काढा. आधी देठ काढला तर तिथून आत पाणी शिरतं. फळांचे चार-चार तुकडे करा, साखर आणि लिंबाचा रस घाला, अर्धा तास झाकून ठेवा. भरपूर रस सुटलेला दिसेल. तो गाळून पातेल्यात घ्या, फळं बाजूला ठेवा. आधी फक्त रस मध्यम आचेवर आटवा. तो पाकासारखा दाटसर झाला की फळं आत टाका आणि आणखी दहा-बारा मिनिटं शिजवा. रस वेगळा आटवल्यामुळे फळं कमी वेळ शिजतात, रंग टिकतो आणि तुकडे दाताखाली येतात.

कधी थांबायचं? इथे वजनकाटा पुन्हा कामाला येतो. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा. फळं आणि साखर मिळून ६०० ग्रॅम होती. ती ३०० ग्रॅमवर आली की गॅस बंद. म्हणजे साधारण ३०० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं, जे उद्या तुमच्या केकच्या पोटात गेलं असतं.

काटा नसेल तर ताटलीची परीक्षा घ्या. छोटी ताटली फ्रिजमध्ये गार करा, त्यावर चमचाभर मिश्रण घाला, मिनिटभर थांबा आणि बोटाने मधून रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर झालं. दोन्ही बाजूंनी ओघळ येऊन मिळाला तर अजून आटवा. करवंद किंवा तुती वापरत असाल तर वजनापेक्षा हीच परीक्षा खरी, कारण प्रत्येक फळाचा दाटपणा वेगळा. करवंदात पेक्टिन भरपूर, ते लवकर आवळून येतं. स्ट्रॉबेरीत कमी, म्हणून तिला लिंबाची मदत.

हे मिश्रण जॅमपेक्षा थोडं सैल असतं. पूर्ण गार करून फ्रिजमध्ये ठेवा. गरम बेरी चॉकलेटवर घातली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

गनाश: इथे अर्धवट पाणी नको

तिसरा मेसेज आठवतो? "चॉकलेटचा गोळा झाला." साखरेच्या डब्यात ओला चमचा घातला की गुठळी होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे अतिबारीक कण. त्यात दोन थेंब पाणी पडलं की साखर ओली होते, कण एकमेकांना चिकटतात आणि चकचकीत चॉकलेटचं खरखरीत पिठलं होतं. ते दोन थेंब कुठून येतात? ओल्या चमच्यातून, नीट न पुसलेल्या वाडग्यातून, आणि सगळ्यात जास्त वेळा खालच्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्याच्या वाफेतून.

आता यातली गंमत ऐका. दोन थेंब पाणी घातक, पण शंभर मिली पाणी चालतं! कारण पुरेसं पाणी असेल तर साखर त्यात विरघळून जाते आणि गुठळी व्हायला काही उरतच नाही. गनाश म्हणजे तेच: चॉकलेट आणि क्रीममधलं पाणी यांचा नीट जमलेला संसार.

म्हणून वितळवण्याच्या भानगडीत पडूच नका. चॉकलेट अगदी बारीक चिरा आणि कोरड्या वाडग्यात ठेवा. क्रीम पातेल्यात तापवा. कडेने बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद, उकळी नको. गरम क्रीम चॉकलेटवर ओता आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग मधोमध चमचा ठेवून छोटी छोटी वर्तुळं करत ढवळा आणि हळूहळू बाहेर जा. आधी ते फाटल्यासारखं दिसेल, घाबरू नका. मधे चकाकी आली की ती कडेपर्यंत पसरते. शेवटी लोणी घाला.

गनाशला तेल सुटलं तर? फेकू नका. चमचाभर कोमट दूध घाला आणि मधून पुन्हा ढवळा. लागलं तर आणखी एक चमचा. पाणी कमी पडल्यामुळे ते फाटलेलं असतं, त्यामुळे बहुतेक वेळा एवढ्यावर ते परत जुळून येतं.

आता चौथा मेसेज, न फुगणारं क्रीम. टेट्रापॅकमधलं साधं फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के फॅटचं असतं. क्रीम फेटून उभं राहायला ३० टक्के किंवा त्याहून जास्त फॅट लागतं, कारण हवेच्या बुडबुड्यांना फॅटच धरून ठेवतं. २५ टक्क्यांच्या क्रीममध्ये पाणी जास्त. ते रात्रभर फेटलं तरी तुमचा हात दुखेल, क्रीमला काही वाटणार नाही. पण गनाशला तेच क्रीम छान चालतं. म्हणून या केकमध्ये फेटलेलं क्रीम ठेवलेलंच नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातलं साधं पाकीट पुरेसं आहे.

गनाश झाकून बाहेरच ठेवा. दोन-तीन तासांत ते पीनट बटरसारखं पसरवता येईल इतकं घट्ट होतं. उन्हाळ्यात चॉकलेट ३५० ते ४०० ग्रॅम घ्या, नाहीतर ते सैलच राहील.

थर लावणं: भातखाचराचा बांध

दोन्ही केक आडवे कापा, चार थर होतील. पहिल्यांदाच करत असाल आणि हात कापत असेल तर कापू नका. दोनच जाड थर ठेवा, मध्ये एकदाच बेरी भरा, उरलेली बेरी वाढताना बाजूला द्या. केक तितकाच छान लागतो.

खालचा थर ताटावर ठेवा. त्यावर गनाशचा पातळ हात फिरवा. हा हात चवीइतकाच बंदोबस्तासाठी आहे: चॉकलेटचा थर घट्ट झाला की बेरीचा ओलावा खाली केकमध्ये उतरत नाही. मग कडेने गनाशचा बोटभर जाड गोल बांध घाला. भातखाचराला पाणी अडवायला बांध घालतात, अगदी तसा. त्याच्या आत बेरीचं मिश्रण, साधारण १०० ग्रॅम. बांधाच्या उंचीच्या वर जाऊ देऊ नका. पुढच्या थराच्या खालच्या बाजूलाही गनाशचा हात फिरवा, तो थर वर ठेवा, हलकेच दाबा. दोन थर झाले की वीस मिनिटं फ्रिजमध्ये. मग पुढचे दोन.

बाहेरून लेप दोनदा द्या. पहिला अगदी पातळ, भिंतीला प्रायमर मारतात तसा. सगळा चुरा त्यात अडकतो. अर्धा तास फ्रिज, मग दुसरा जाडसर हात. तो गुळगुळीत नाही झाला तरी बिघडत नाही. चमच्याच्या पाठीने लाटा काढा, लोकांना वाटेल मुद्दाम केलंय.

वरची ताजी फळं अगदी शेवटी, वाढायच्या आधी. धुऊन सुती कापडावर पूर्ण कोरडी करा आणि अख्खीच ठेवा. कापलेलं तोंड दिसलं की तिथून रस गळतो.

शेवटचं पाणी: हवेतलं

मुंबई, कोकण, गोव्याच्या मंडळींनी हे नीट वाचा. फ्रिजमधला गार केक दमट हवेत उघडा ठेवला की त्याला घाम फुटतो. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून फुटतो ना, तसाच. चॉकलेटवर पाण्याचे थेंब येतात आणि चकाकी जाते. उपाय सोपा: केक डब्यातच बाहेर काढा आणि डबा बंदच ठेवा. दव डब्यावर जमेल, केक कोरडा राहील. हिवाळ्यात ४५ मिनिटं आधी काढा, मे महिन्यात १५ ते २० मिनिटं पुरे. अगदी गार केक खाऊ नका, कारण कोको बटर थंडीत कडक असतं आणि चव दबून जाते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो आणि कोको बटर ३४ ला हार मानतं, तेव्हा तिथे हा केक बाहेर फार वेळ ताटकळत ठेवू नका.

डबा घट्ट झाकणाचा हवा, हे अजून एका कारणासाठी. चॉकलेट वास फार पटकन ओढून घेतं. त्याच फ्रिजमध्ये चिरलेला कांदा असेल तर सकाळी कळेल.

वेळेचं गणित

सगळं एका दुपारी उरकायचा हट्ट करू नका. संध्याकाळी सातला केक कापायचा असेल तर:

आदल्या रात्री: केक भाजा, बेरी आटवा. दोन तास.
सकाळी ९: गनाश करून ठेवा. अर्धा तास.
दुपारी १२: थर लावा, दोनदा लेप द्या. मधल्या फ्रिजच्या वेळेसकट दोन तास.
दुपारी २ ते संध्याकाळी ६: केक फ्रिजमध्ये, तुम्ही मोकळे.
सव्वासहा: डबा बाहेर. सातच्या थोडं आधी वर ताजी फळं.

कापताना सुरी गरम पाण्यात बुडवा, कोरडी पुसा, एक काप घ्या, पुन्हा पुसा. कोरडी पुसा हे विसरू नका, आज तरी!

फ्रिजमध्ये हा केक तीन दिवस चांगला राहतो. दुसऱ्या दिवशी तो जास्त छान लागतो असं माझं मत आहे. पहिल्या दिवशी उरला तर स्वतः ठरवा.

या वेळी एक करून बघा. मेसेज पाठवताना फक्त "बिघडला" असं लिहू नका. पाणी कुठे दिसलं ते लिहा: ताटावर, थरांमध्ये, की चॉकलेटवर. ताटावर आणि थरांमध्ये असेल तर बेरी कमी आटली किंवा बांध फुटला. चॉकलेटवर असेल तर डबा लवकर उघडला. बहुतेकांना मेसेज लिहितानाच उत्तर सापडेल. नाही सापडलं तर मी आहेच. भेटू पुढच्या भागात!